रात्रभर वाहणाऱ्या टाकीविषयी, सोसायटीच्या सचिवांना

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे सचिव, अध्यक्ष आणि खजिनदार यांना,



हे पत्र संडासातल्या फ्लशच्या टाकीविषयी आहे. विषय वाचून ते बाजूला ठेवू नका, ही पहिली विनंती. पार्किंग, लिफ्ट, गच्चीची दुरुस्ती आणि थकबाकी एवढ्यातच समितीच्या बैठकीला रात्रीचे अकरा वाजतात, हे मला ठाऊक आहे. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीची खजिनदारी मी बरीच वर्षं सांभाळली. पाण्याची बिलं आणि टँकरच्या पावत्या दर महिन्याला हाताखालून जायच्या. त्या कागदांवरून आणि घराघरांत पाहिलेल्या टाक्यांवरून माझं एक मत पक्कं झालं आहे. इमारतीतली सगळ्यांत दुर्लक्षित गळती ही फ्लशच्या टाकीची आहे. ती थांबवणं एकेकट्या सभासदावर सोडलं तर ती थांबत नाही. ते काम समितीनं अंगावर घ्यायला हवं.

नळ गळला तर थेंब दिसतो आणि मोरीत टपटप ऐकू येते. स्लॅब गळला तर खालच्या मजल्यावरचा माणूस तक्रार घेऊन वर येतो. टाकी मात्र थेट भांड्यात गळते. पाणी भांड्याच्या मागच्या अंगानं इतकं पातळ उतरतं की पांढऱ्या चिनी मातीवर ते नजरेला येत नाही. फरशी कोरडी, भिंत कोरडी, तक्रार करायला कुणी नाही. टाकी जितकी रिकामी होईल तितकी वरून भरत राहते आणि घरातल्या माणसांना वाटतं की सगळं ठीक चाललं आहे.

हिशेब सोपा आहे. मिनिटाला १०० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक छोटा कप, एवढ्या धारेनं गळणारी टाकी दिवसाला १४४ लिटर पाणी गटारात सोडते. महिन्याला ४,३२० लिटर आणि वर्षाला साडेबावन्न हजार. दहा हजार लिटरचे पाच टँकर, तेही एका घरातल्या एका संडासातून. आता ८० घरांची सोसायटी धरा. घरटी दोन संडास म्हणजे १६० टाक्या झाल्या. त्यातल्या दहाच गळतात असं मानलं तरी महिन्याला ४३ हजार लिटरच्या वर पाणी जातं. उन्हाळ्यात तुम्ही मागवलेल्या टँकरपैकी चार टँकर कुठे गेले, याचं उत्तर तिथे आहे.

१४४ हा आकडा मला फार लागतो. शहराच्या पाणीपुरवठ्याचं नियोजन करताना आपल्याकडे माणशी दररोज १३५ लिटर धरतात. म्हणजे एक गळकी टाकी एका माणसाच्या दिवसभराच्या पाण्याहून जास्त पाणी पिऊन टाकते. आंघोळ, स्वयंपाक, धुणीभांडी, पिणं, सगळं त्यात आलं. राष्ट्रीय इमारत संहितेनं फ्लशसाठी म्हणून माणशी ४५ लिटर वेगळे मोजले आहेत. मुंबईत झोपडपट्टीतल्या माणसासाठी पाण्याचं जे माप ठरवलं गेलं, तेही दिवसाला ४५ लिटरच. इमारतीतल्या माणसानं संडासात ओतायचं पाणी आणि वस्तीतल्या माणसाचं सगळ्या गरजांचं पाणी कागदावर सारखंच आहे. आपली टाकी त्याच्याही तिप्पट पाणी कुणाच्याही कामी न येता सोडून देते.

हे पाणी येतं कुठून, तेही सांगतो. मुंबईला सात तलावांचं पाणी मिळतं. त्यातले भातसा आणि तानसा ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत आणि ऊर्ध्व वैतरणा नाशिक जिल्ह्यात. ठाणे शहरही भातसेचं पाणी पितं. ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी निघतं, त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी गेली, ती आपल्या सगळ्यांना आठवते. पहिल्या फेरीत दहा वाघिणींमधून साधारण पाच लाख लिटर पाणी पोचलं आणि साऱ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. चहाच्या कपाएवढ्या धारेनं गळणाऱ्या साडेतीन हजार टाक्या ती अख्खी गाडी चोवीस तासांत रिकामी करतील. मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड मिळून किती लाख फ्लशच्या टाक्या असतील, याचा विचार तुम्हीच करा.

सभासदाला हे का जाणवत नाही? कारण आपल्याच नियमांत आहे. आदर्श उपविधींनुसार पाणीपट्टीची वाटणी प्रत्येक सदनिकेतल्या नळजोडांची संख्या आणि आकार यांवर होते, वापरावर नाही. ज्याची टाकी रात्रंदिवस गळते तो आणि ज्यानं काटकसरीनं पाणी वापरलं तो, दोघांच्या बिलात तोच आकडा येतो. दुसरीकडे हेच उपविधी सांगतात की संडास, सिंक वगैरेंच्या घरातल्या गळतीचा खर्च त्या सदनिकाधारकानं करायचा. नियम म्हणून दोन्ही तरतुदी समजण्यासारख्या आहेत. पण एकत्र वाचल्या की काय होतं ते पाहा. दुरुस्ती केली तर पैसे माझ्या खिशातून जातात, न केली तर पाण्याचे पैसे सगळ्यांच्या खिशातून. मी सभासदाला दोष देत नाही. चांगली माणसंसुद्धा अशा वेळी 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणतात.

घरोघरी मीटर बसवा, असं यावर कुणीतरी सुचवतं. नव्या इमारतीत ते जरूर करावं. जुन्या इमारतीत स्वयंपाकघराला एक, न्हाणीघराला दुसरी आणि संडासाला तिसरी अशा वेगवेगळ्या उभ्या पाइपांतून पाणी उतरतं. एका घराला तीन-चार मीटर लागतात आणि खर्च ऐकून सभा तो विषय पुढच्या वर्षावर ढकलते. तोपर्यंत टाक्या गळतच राहतात.

आता टाकीकडे वळतो. सचिवाला तिची रचना ठाऊक असली की प्लंबरशी बोलणं सोपं जातं.

आपल्या लहानपणी भिंतीवर उंच बसवलेली बिडाची टाकी असायची, साखळी ओढायची. तिच्यात पाणी सायफननं खाली यायचं. साखळी ओढल्यावर पाणी आतल्या घंटेच्या माथ्यावरून उलटून खाली पडे. त्या रचनेत तळाला पाणी अडवणारा रबर नव्हता, त्यामुळे तो झिजून थेंबथेंब गळण्याचा प्रश्नच नव्हता. पाण्यावर तरंगणारा गोळा बिघडून टाकी जास्त भरली तर जादा पाणी एका वेगळ्या नळीनं बाहेर पडायचं आणि ते दिसायचं. इंग्लंडमध्ये पाण्याची नासाडी टाळायची म्हणून दीर्घ काळ फक्त सायफनच्याच टाक्यांना परवानगी होती. १९९९ च्या नियमांनी तिथे झडपेच्या टाक्यांना वाट मिळाली. आजच्या आपल्या टाक्याही झडपेच्या आहेत. तळाशी रबराची चकती बसलेली असते, बटण दाबलं की ती उचलली जाते आणि पाणी सुटतं. जादा पाण्याची नळीही टाकीच्या आतच, भांड्यात उघडणारी. पूर्ण आणि अर्धा अशी दोन बटणं आल्यामुळे एका फ्लशचं पाणी दहा-बारा लिटरवरून सहा आणि तीन लिटरवर आलं, हा मोठाच फायदा आहे. पण चकती झिजली की गळती सुरू होते आणि ती कुणाला दिसत नाही. हा तोटा भरून काढायचा तर कुणीतरी अधूनमधून पाहायला हवं. आपण टाक्या बदलल्या, पाहण्याची सोय मात्र केली नाही.

टाकी आवाज करते तेव्हा ती काहीतरी सांगत असते. सतत बारीक 'सूं' असा आवाज येत असेल तर भरणारा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. रात्री कुणी गेलेलं नसताना टाकी अचानक अर्धा मिनिट भरून थांबते आणि तासाभरानं पुन्हा तेच होतं, याचा अर्थ तळाची चकती गळते आहे. हळूहळू पातळी उतरते, गोळा खाली येतो, व्हॉल्व्ह उघडतो. भरताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज आला तर व्हॉल्व्हमधला वॉशर किंवा डायफ्राम झिजला आहे, नाहीतर पाण्याचा दाब जास्त आहे. टाकी भरून बंद होताना भिंतीतल्या पाइपात 'धाड' असा ठोका बसतो, तो वाहतं पाणी एकदम अडवल्यामुळे.

दाबाविषयी थोडं थांबून सांगतो, कारण हे सभासदांना माहीत नसतं आणि समितीला माहीत असायला हवं. गच्चीवरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली आलं की दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोनं वाढतो. पंधरा मजली इमारतीत वरच्या मजल्यावर धार बारीक, तर खालच्या मजल्यांवर साडेचार किलोच्या आसपास दाब. म्हणून खालच्या घरांतले व्हॉल्व्ह लवकर झिजतात, जास्त आवाज करतात आणि जास्त गळतात. 'आमच्याच टाकीला काय होतं' असं पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरची माणसं विचारतात, त्याचं उत्तर हे आहे. अशा घरांत टाकीखालचा अँगल कॉक थोडा आवळून धार कमी केली की आवाज बराच कमी होतो, व्हॉल्व्हचं आयुष्यही वाढतं. उंच इमारतीत दाब कमी करणारे व्हॉल्व्ह, ज्यांना प्लंबर पीआरव्ही म्हणतात, बसवलेले असतात. ते कधी तपासले होते, हे तुमच्या व्यवस्थापकाला एकदा विचाराच.

गळती ओळखायला खायच्या रंगाचे चार थेंब पुरतात. टाकीचं झाकण काढून रंग टाकायचा आणि वीस मिनिटं फ्लश करायचा नाही. भांड्यातल्या पाण्याला रंग चढला तर टाकी गळते. नक्की कुठून गळते हेही घरच्या घरी कळतं. टाकीच्या आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीनं रेघ मारा, अँगल कॉक बंद करा आणि अर्ध्या तासानं पाहा. पाणी रेघेखाली उतरलं तर दोष तळाच्या चकतीत. पाणी जागच्या जागी राहिलं आणि भांड्यातली धारही थांबली तर दोष भरणाऱ्या व्हॉल्व्हचा, आणि पाणी जादा भरून मधल्या उभ्या नळीतून आत पडतं आहे. मग गोळ्याचा स्क्रू फिरवून पातळी त्या नळीच्या तोंडाखाली इंचभर आणली की अनेकदा काम भागतं. जुना दांड्याचा गोळा असेल तर तो हलवून पाहावा, आत पाणी शिरलं असेल तर बदलावा. चकतीवर किंवा तिच्या बैठकीवर क्षार साचले असतील तर पाणी बंद करून, टाकी रिकामी करून ते पुसले की गळती थांबते. रबर कडक किंवा वेडावाकडा झाला असेल तर नवा घालायचा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असलेल्या इमारतीत क्षार लवकर साचतात, तिथे हे वारंवार पाहावं लागतं. टाकीत टाकायच्या ब्लीचच्या गोळ्यांनी रबर लवकर खराब होतं, म्हणून माझा त्यांना विरोध आहे. स्वच्छतेसाठी भांडं ब्रशनं घासावं.

सगळ्यांना हे जमेल असं मी म्हणत नाही. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांचा हात थरथरतो, ज्यांच्या घरात टाकीचं झाकण उचलण्याएवढीही जागा नाही, त्यांनी प्लंबरलाच बोलवावं. अँगल कॉक वर्षानुवर्षं फिरवला नसेल तर जोर लावून तो तुटतो आणि घरभर पाणी होतं, तिथेही प्लंबरच हवा. आणि नव्या इमारतींत टाकी भिंतीच्या आत असते. 'भिंत फोडावी लागेल' असं कुणी म्हणालं तर सभासदाला थांबायला सांगा. बटणाची पट्टी काढली की मागे हात घालायला जागा असते आणि आतले व्हॉल्व्ह तिथूनच काढता-घालता येतात. ती सोय कंपन्यांनी त्यासाठीच ठेवलेली असते. टाइल्स फोडून झाल्यावर हे कळलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

प्लंबर मिळत नाही, ही तुमच्याकडे येणारी सगळ्यांत जुनी तक्रार असेल. मला त्यात प्लंबरची बाजू दिसते. वॉशर बदलायला तो दोन बस बदलून येतो, अर्धा दिवस मोडतो, आणि सभासद म्हणतो, 'एवढ्याशा रबराचे इतके पैसे?' मग तो दोनपैकी एक करतो. येत नाही, किंवा आल्यावर चालू स्थितीतला सगळा सेट काढून नवा बसवायला लावतो, म्हणजे त्याची फेरी वसूल होते. एका वॉशरसाठी एका माणसाला बोलावण्याची पद्धतच चुकीची आहे. पण एका दिवसात एका विंगच्या सगळ्या टाक्या पाहायच्या असतील, दिवसाची मजुरी ठरलेली असेल आणि लागणारे वॉशर, चकत्या, व्हॉल्व्ह आधीच सोसायटीच्या ऑफिसात आणून ठेवलेले असतील, तर चांगला कारागीर आनंदानं येतो. त्याचाही दिवस भरतो आणि सभासदालाही फेरीचे पैसे पडत नाहीत.

या कारागिरांविषयी आणखी थोडं. मुंबई-पुण्यात काम करणारे अनेक प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातले आहेत. तिथलं पट्टामुंडई हे गाव या कामासाठी देशभर ओळखलं जातं, आणि तिथे प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. आपल्याकडे आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तो करून बाहेर पडलेली मराठी मुलंही या धंद्यात आहेत, पण मनानं टिकत नाहीत, कारण संडासात काम करणाऱ्याकडे आपण कसं पाहतो ते त्यांना पहिल्याच आठवड्यात कळतं. लोक नाकाला रुमाल लावून दारात उभे राहतात. हात धुवायला बाहेरचा नळ दाखवतात. पाणी मागितलं तर वेगळा पेला शोधतात. दिवसभर दुसऱ्यांचे संडास नीट करणाऱ्या माणसाला इमारतीत लघवीला जायला जागा नसते. या वागण्याची मुळं कुठल्या जुन्या विटाळात आहेत, हे आपल्यापैकी प्रत्येकाला कळतं, आणि महाराष्ट्रात तरी ते चालू देता कामा नये. तपासणीच्या दिवशी त्याला जेवायला बसायची जागा, हातमोजे, साबण आणि वॉचमनच्या संडासाची किल्ली समितीनं द्यावी. तो घरी येईल तेव्हा त्याचं नाव घेऊन ओळख करून द्यावी.

समितीनं पुढाकार घेतल्याशिवाय काही घरांत दुरुस्ती होऊच शकत नाही. आमच्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या एक आजी होत्या. रात्रभर टाकीचा आवाज यायचा म्हणून त्यांना झोप लागत नव्हती आणि अनोळखी माणसाला घरात घ्यायची भीतीही वाटायची. मुलगा परदेशात होता, तो फोनवर 'प्लंबर बोलव' म्हणायचा. त्यांनी शेवटी कॉक बंद केला आणि बादलीनं पाणी टाकायला लागल्या. त्या वयात भरलेली बादली उचलून ओल्या फरशीवरून चालायचं! समितीचा एक माणूस आणि ओळखीचा प्लंबर सकाळी सोबत गेले आणि काम थोडक्यात आटोपलं. अशी घरं तुमच्या प्रत्येक विंगमध्ये आहेत. भाड्यानं दिलेल्या घरांतही तेच होतं. भाडेकरू मालकाला कळवतो, मालक दुसऱ्या गावी असतो, आणि दोघांनाही पाण्याचं बिल वेगळं येत नाही.

बंद घरं याहून वाईट. कुलूपबंद घरात टाकी गळत राहिली तर ती ऐकायलाही कुणी नसतं. मोठ्या मुक्कामाला जाणाऱ्या सभासदांनी टाकीखालचा कॉक बंद करून जावं, हे सूचनाफलकावर कायमचं लिहा. सोबत एवढंही सांगा की बरेच दिवस फ्लश झाला नाही तर भांड्यातलं पाणी आटून गटाराचा वास घरात येतो. जाताना भांड्यातल्या पाण्यावर दोन चमचे खाद्यतेल टाकलं तर ते लवकर आटत नाही.

'आमच्याकडे फ्लशला एसटीपीचं, म्हणजे शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं पाणी आहे, गळालं तर गळू दे,' असं पुण्यातल्या मोठ्या संकुलांत मी ऐकलं आहे. हे बरोबर नाही. ते पाणी शुद्ध करायला आणि गच्चीवर चढवायला वीज लागते, आणि गळलेलं पाणी पुन्हा त्याच प्रकल्पात जाऊन त्याच्यावरचा भार वाढवतं. फ्लशिंगची टाकी रिकामी झाली की पंपवाला तिच्यात पिण्याचं पाणी सोडतो, हेही अनेक ठिकाणी घडतं. शिवाय त्या पाण्यात गाळ राहिला असेल तर टाकीतले व्हॉल्व्ह लवकर बिघडतात. अशा संकुलांत तपासणी वर्षातून दोनदा हवी.

एका माणसाकडून काय होऊ शकतं याचं उदाहरण मुंबईजवळच आहे. लेखक आणि व्यंगचित्रकार आबिद सुरती, ज्यांची 'ढब्बूजी' ही व्यंगचित्रमालिका अनेकांनी वाचली आहे, त्यांनी २००७ मध्ये मीरा रोडला 'ड्रॉप डेड' नावाची संस्था सुरू केली. रविवारी एका प्लंबरला आणि एका कार्यकर्त्याला सोबत घेऊन ते इमारतीत जात, घरोघर दार वाजवत आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून देत. त्यांच्या कामात मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते दार वाजवणं. गळती दुरुस्त करण्याची माणसाची तयारी असते, पण ती दुसऱ्या कुणीतरी सुरू करून द्यावी लागते. सुरती यांनी ते परक्यांच्या इमारतींत जाऊन केलं. तुम्हाला तर आपल्याच जिन्यानं वर-खाली जायचं आहे, आणि तसा अधिकारही तुमच्याकडे आहे. दुरुस्तीची गरज पाहण्यासाठी पूर्वसूचना देऊन, समितीच्या दुसऱ्या सदस्यासह सदनिकेत जाण्याची मुभा उपविधींनी सचिवाला दिलेली आहे.

खर्चाचा प्रश्न सोडवता येतो. तपासणी हे सोसायटीचं काम आहे, म्हणून प्लंबरची दिवसाची मजुरी सोसायटीनं द्यावी. बदललेल्या सुट्या भागांची किंमत त्या सभासदाच्या पुढच्या बिलात, पावतीसह लावावी. उपविधींनाही ते धरून होतं. घाऊक आणल्यामुळे भाग स्वस्त पडतात. ज्या घराला तेवढेही पैसे जड असतील तिथे समितीनं गाजावाजा न करता सांभाळून घ्यावं, टँकरच्या वाचलेल्या पैशांतून ते सहज निघतं. मार्च महिना यासाठी चांगला आहे. मुलांच्या परीक्षा असतात, लोक घरी असतात आणि उन्हाळ्याच्या कपातीआधी गळती बंद होते. २०२४ च्या जूनमध्ये मुंबईत १० टक्के पाणीकपात झाली तेव्हा सोसायट्यांनी पाण्याच्या वेळा कमी केल्या. टाक्या आधी पाहिल्या असत्या तर किती घरांची ती ओढाताण टळली असती.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. या वर्षीच्या विषयपत्रिकेत हा विषय घाला. तुम्हाला लिहायला सोपं जावं म्हणून ठरावाचा मसुदा खाली देतो. तुमच्या इमारतीप्रमाणे त्यात बदल करा.

'असे ठरले की, संस्थेच्या सर्व सदनिकांतील फ्लशच्या टाक्यांची तपासणी दरवर्षी मार्च महिन्यात, सभासदांना सात दिवस आधी लेखी कळवून, समितीचे दोन सदस्य व संस्थेने नेमलेले प्लंबर यांच्यामार्फत करण्यात यावी. प्रत्येक टाकीची चाचणी खाद्यरंगाने घ्यावी व निष्कर्षाची नोंद विंगवार वहीत ठेवावी. प्लंबरची मजुरी संस्थेने द्यावी. बदललेल्या भागांची किंमत संबंधित सभासदाच्या बिलात पावतीसह आकारावी. बंद सदनिकांच्या मालकांनी तपासणीसाठी किल्लीची व्यवस्था करावी. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ सभासदांच्या घरी समितीची महिला सदस्य सोबत असावी. नेमलेल्या प्लंबरसाठी जेवणाची जागा, हातमोजे, साबण व स्वच्छतागृहाची सोय संस्थेने करावी. मागील व चालू वर्षाच्या एप्रिल-मे महिन्यांतील टँकरची संख्या पुढील वार्षिक सभेपुढे ठेवावी.'

सूचक आणि अनुमोदक यांच्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत.

आपला,
एका गृहनिर्माण संस्थेचा माजी खजिनदार
ठाणे